रकाना क्रमांक सात

अर्जात सातव्या रकान्यात छापलंय:
अभ्यासक्रम, कोणताही एक.
शस्त्रक्रिया सहायक. फिजिशियन सहायक.
सहायक दोन्हीकडे आहे,
म्हणजे तेवढं ठरलेलंच.

शुक्रवारी पाचला खिडकी बंद.
भोईवाड्यातल्या झेरॉक्सवाल्याने
दोन कोरे अर्ज जास्तीचे दिले,
म्हणाला, ठेवा, सगळेच खाडाखोड करून परत येतात.

थिएटरात मी चार महिने काढले.
तिथे माणसाला तोंड नसतं.
हिरव्या कापडाच्या चौकटीत वीतभर पोट,
आयोडीनने तपकिरी, कुणाचंही.
माझ्या हातात रिट्रॅक्टर, अडीच तास,
नाक खाजतंय, खाजवायचं नाही.
आणि तरी, खोटं कशाला बोलू,
वाघुलदेबाईंनी न बघता तळवा उघडायचा
आणि त्यांच्या मनातली कात्री
माझ्या हातून तिथे पडायची,
तो टप्पकन आवाज
मला आवडायचा.

मग एकदा मॉप मोजले. एकोणीस.
पुन्हा मोजले. एकोणीस.
फळ्यावर माझ्याच अक्षरात: वीस.
बाई म्हणाल्या, टाके घालत नाही मी.
भुलेचे डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिले.
बादली पालथी केली, चादरी झटकल्या,
विसावा निघाला माझ्याच स्लिपरच्या तळाला,
ओला, चपटा.
कुणी एक शब्द बोललं नाही.
त्या रात्री जेवताना
मी पोळीचे तुकडे मोजले.

मेडिसिनच्या वॉर्डात नुसती तोंडं.
तंबाखू? नाही हो. आणि खिशातून पुडी डोकावतेय.
कधीपासून दुखतंय?
मोठीच्या साखरपुड्यापासून.
माहुलला खोली मिळाली तेव्हापासून.
कागदावर मात्र दिवस, आठवडे, महिने
एवढेच पर्याय.

अकरा नंबरच्या यशोदा कोळंबकर, शिवडी बंदर,
पायांवर सूज, बोट दाबलं की खळगा.
खारवलेलं बंद म्हटलं तर म्हणाल्या,
सुकटीबिगर जेवायचं, त्यापेक्षा सलाईनच लाव ना.
मला डॉक्टरीण म्हणायच्या.
मी म्हटलं, डॉक्टरीण नाही, सहायक.
त्यांनी जरा विचार केला.
मग बरंय, म्हणाल्या, तुला सांगते,
रात्री आडवं झालं की दम कोंडतो,
चार उशा लागतात.
सकाळच्या त्या घोळक्यापुढे कुठे बोलू?
मी ते वर कळवलं. गोळी बदलली.
जाताना त्यांनी मला ओळखलंच नाही,
मास्क नव्हता ना तोंडाला.

बाबांना विचारलं.
बाबा गोदीत क्रेनखाली उभे राहायचे,
वरच्या केबिनला हाताने खुणा करत,
वर, थांब, डावीकडे, सोड.
अठ्ठावीस वर्षं.
त्यांनी आधी पगार विचारला. जवळपास सारखाच, म्हटलं.
उभं राहणं? एकीकडे जास्त.
मग बराच वेळ गुडघा चोळत बसले.
म्हणाले, वरच्याला खालचं दिसत नाही गं,
म्हणून तर आपण असतो.

हे दोन्हीकडे लागू पडतं, बाबा.
काय करू मी याचं?

गुरुवारी रात्री
आई गॅसपाशी, पाठमोरी,
कढईवरची नजर न काढता
तिने मागे हात केला.
मी क्षणात सांडशी ठेवली तळव्यावर,
टप्पकन, अगदी बरोबर.
अगं, मीठ हवं होतं, ती म्हणाली,
विचारायचं तरी.

मीठ दिलं.
ओला हात ओढणीला पुसला
आणि पेनाचं टोपण काढलं.